आतला आवाज की आपलीच सोय? (गीता 18.30 ते 32)



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 30, 31 आणि 32.

ज्ञान, कर्म आणि कर्ता यांचे तीन-तीन प्रकार आपण मागच्या दिवसांत पाहिले. आज भगवंत बुद्धीकडे वळतात. तीनच श्लोक आहेत आणि पाठांतराला सोपे आहेत. पण मला स्वतःला हे तीन श्लोक वाचताना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. कारण पुढे येईलच.

पुण्यातल्या एका ताईने मागे विचारलं होतं, "दादा, दोन नोकऱ्यांमधली एक निवडायची आहे. जो तो म्हणतो, आतला आवाज ऐक. मला तर तीन-चार आवाज ऐकू येतात. त्यातला देवाचा कुठला?" प्रश्न फार प्रामाणिक होता. मी "नंतर सविस्तर लिहितो" म्हणालो आणि टाळत राहिलो. सविस्तर लिहायचं तर मोहाडीचं घर मध्ये येतं, आणि त्या घरात एकदा माझ्या "आतल्या आवाजाने" जे केलं ते सांगावं लागतं. आज श्लोकच असे आलेत की टाळता येणार नाही.

आधी अर्थ बघू. 30वा श्लोक सात्त्विक बुद्धीचा. कुठे पुढे जायचं आणि कुठे मागे फिरायचं, काय करायचं आणि काय करायचं नाही, कशाला भ्यायचं आणि कशाला भ्यायचं नाही, कशाने आपण बांधले जातो आणि कशाने सुटतो, हे जिला कळतं ती बुद्धी सात्त्विक. 31व्यात राजस बुद्धी. हिला धर्म-अधर्म, कार्य-अकार्य दिसतं, पण जसं आहे तसं दिसत नाही. मूळ शब्द आहे 'अयथावत्'. थोडं वाकडं, थोडं आपल्याला हवं तसं. आणि 32व्यात तामस बुद्धी, जी अंधारात गुरफटून अधर्मालाच धर्म समजते, सगळंच उलटं बघते.

आपण तरुण मंडळी हे वाचताना पटकन स्वतःला पहिल्या खान्यात बसवतो. जप चालू आहे, एकादशी चालू आहे, म्हणजे बुद्धी सात्त्विकच असणार. मीही तसंच समजत होतो.

आता घरची गोष्ट. भंडाऱ्याहून तुमसरला जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी लागते. चौंडेश्वरी मातेचं गाव. आमच्याकडे धानाची शेती. काही वर्षांपूर्वी, रोवणी आटोपून निंदण चालू होतं त्या दिवसांत, बाबांना ताप भरला. आईचा फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. ती म्हणाली, "अंग फार तापलं आहे, डोकं दुखते म्हणतात. भंडाऱ्याले न्यायचं का? बाबू, तुले काय वाटते?"

हे "तुले काय वाटते" नीट ऐका. गीतेचा अभ्यास सुरू केल्यापासून आई मला घरातला जाणता समजायला लागली होती. तू देवाचं करतोस, तुले आतून कळते, असं ती चार बायकांत सांगायची. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

मी म्हटलं, थांब, पूजेला बसतो आणि सांगतो. बसलो. डोळे मिटले. मातेला विचारलं. दहा-पंधरा मिनिटांनी छान शांत वाटलं. अगदी स्पष्ट वाटलं की काही नाही, शेतातली दगदग आहे, दोन दिवसांत उतरेल. मी फोन करून सांगितलं, "आई, मला आतून शांत वाटतंय. काही होणार नाही. पॅरासिटामॉल दे, माता बघून घेईल."

त्या शनिवार-रविवारी ऑफिसमध्ये मोठं रिलीज होतं. सुट्टी मागितली असती तर मॅनेजरचं तोंड बघावं लागलं असतं. पूजेला बसताना ही गोष्ट माझ्या मनात नव्हती, असं मी स्वतःला पुढे कितीतरी महिने सांगत होतो. ती होती. समोर नव्हती, पण होती.

आई थांबली. माझ्या शब्दावर थांबली. रविवारी रात्री शेजारच्या काकू सहज डोकावल्या. त्या अंगणवाडी सेविका, आयुष्य गेलं लोकांची लेकरं तोलण्यात आणि तापाची माणसं बघण्यात. पाच मिनिटं बाबांजवळ बसल्या आणि आईला म्हणाल्या, "वैनी, यायचा दम पाहा. बोलनं पन बरोबर नाही. सकाळची वाट पाहू नका, आत्ताच गाडी बोलवा." आईने सांगितलं, पोरगा तर म्हणते काही नाही म्हणून. काकू म्हणाल्या, "त्याले तिकडून काय दिसते?"

रात्रीच भंडारा, आणि तिथून नागपूर. निदान झालं स्क्रब टायफस. गवतात, झुडपात असणाऱ्या एका अगदी बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने होणारा ताप. पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागे शेतात राबणाऱ्यांना जास्त होतो. चावा दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. पुष्कळदा तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली राहते. बाबांना ती कमरेला, करदोड्याच्या खाली सापडली. डॉक्सिसायक्लिन नावाचं साधं, स्वस्त औषध वेळेवर सुरू झालं तर बहुतेक रुग्ण लवकर बरे होतात. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू, कुठेही जातो. बाबा अकरा दिवस दवाखान्यात होते, त्यातले पाच अतिदक्षता विभागात. वाचले. पण पहिल्यासारखी ताकद काही आली नाही. आज ते दुपारच्या आत बांधीतून परत येतात.

(ताप, डोकेदुखी आणि पावसाळ्यातलं शेत असं काही तुमच्या गावाकडच्या घरी घडलं तर अंगावर खपली शोधा आणि सापडो न सापडो, डॉक्टरकडे न्या. चिंतनात हे कशाला, असं वाटलं तर वाटू द्या.)

त्या दवाखान्याच्या बाकावर मी गीता उघडली तेव्हा हे तीन श्लोक समोर आले असं सांगितलं तर गोष्ट छान होईल. तसं झालं नाही. दोन महिने मी गीता उघडलीच नाही. मला देवाचा राग आला होता. मी विचारलं होतं ना? मग खोटं का सांगितलंस?

परत वाचायला लागलो तेव्हा 30व्या श्लोकातल्या दोन शब्दांवर अडलो : भय आणि अभय. इतकी वर्षं मी समजत होतो की श्रद्धा असली की भीती जाते, आणि भीती गेली की समजायचं श्रद्धा आहे. पण श्लोक असं म्हणत नाही. तो म्हणतो, सात्त्विक बुद्धीला भय कुठे आहे तेही कळतं. बाबांचा वाढलेला श्वास हे भिण्यासारखंच होतं. काकूंना ते कळलं. मी ज्या गोष्टीला भ्यायला हवं होतं तिला भ्यालो नाही, आणि जिला भ्यायचं काही कारण नव्हतं, म्हणजे मॅनेजरला, तिला भ्यालो. वर त्या सगळ्याला "शांती" असं नाव दिलं. अयथावत् म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

आपल्या सत्संगांत आणि मोबाईलवरच्या प्रवचनांत एक वाक्य वारंवार ऐकू येतं : मनाला शांत वाटलं की समजा देवाने उत्तर दिलं. माझं स्पष्ट मत आहे की हे अर्धवट आहे आणि धोक्याचं आहे. कर्तव्य टळलं की सुद्धा मनाला शांत वाटतं. परीक्षा पुढे ढकलली की किती शांत वाटतं, आठवा. ती सुटका असते. बाहेरून ती हुबेहूब शांतीसारखीच दिसते.

मग ओळखायचं कसं? याच अध्यायात थोडं पुढे जा. 37 आणि 38 या श्लोकांत सुखाचे प्रकार आहेत. सात्त्विक सुख सुरुवातीला विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं. राजस सुख नेमकं उलटं, आधी अमृत, मग विष. ही कसोटी मी आता आतल्या आवाजाला लावतो. आवाज आला की त्याची पहिली चव बघायची. पहिल्याच घासाला गोड लागला, माझी गैरसोय वाचवणारा निघाला, तर थांबायचं. तो खोटाच असेल असं नाही. पण त्याला दाराशी उभं करून चार प्रश्न विचारायचे. त्या शुक्रवारी मला जे उत्तर मिळालं ते पहिल्या क्षणापासून गोड होतं.

याचं दुसऱ्या टोकाचं उदाहरण पुण्यातलंच आहे. 1933 साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर काय करावं याची त्यांची तगमग चालली होती. एका रात्री त्यांना आतून आवाज ऐकू आला आणि त्यांनी 21 दिवसांचा उपवास जाहीर केला. 8 मे रोजी उपवास सुरू झाला, सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडून दिलं आणि पुढचे दिवस त्यांनी पुण्यातल्या 'पर्णकुटी'त काढले. 29 मे रोजी उपवास सुटला. वय त्रेसष्ट. नंतर 'हरिजन' साप्ताहिकात त्यांनी त्या रात्रीबद्दल लिहिलं. आवाज ऐकण्याआधी आत मोठा झगडा झाला, आणि ऐकल्यावर शांत वाटलं, असं ते सांगतात. म्हणजे शांती त्यांनाही मिळाली! पण ती 21 दिवस उपाशी राहायचं ठरल्यावर. आणि हा आवाज माझ्या कल्पनेचा खेळ नाही हे शंका घेणाऱ्याला पटवून देण्याजोगा पुरावा माझ्याकडे नाही, असंही त्यांनी सरळ मान्य केलं. शिवाय, सत्य-अहिंसेची, संयमाची साधना केल्याशिवाय कुणीही उठून असा दावा करू नये, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. गांधीजींचा प्रत्येक निर्णय बरोबर होता असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या आवाजाने त्यांच्याकडून काय मागितलं आणि माझ्या आवाजाने मला काय सोडवून दिलं, एवढा फरक बघा.

ग्रीसमधल्या सॉक्रेटिसचं आणखी वेगळं. त्यालाही लहानपणापासून एक आवाज येई. पण तो आवाज अमुक कर असं कधीच सांगत नसे, फक्त नको त्या वेळी थांबवत असे. हे त्याने न्यायालयात स्वतः सांगितलं, असं प्लेटोने लिहून ठेवलंय. मला हे आवडतं. "जा, सगळं छान होईल" म्हणणाऱ्या आवाजापेक्षा "अरे थांब" म्हणणाऱ्यावर मी जरा जास्त विश्वास ठेवतो. अर्थात बाबांच्या वेळी मला हवा होता "ऊठ" म्हणणारा. तेव्हा हाही नियम नाहीच.

आता काकूंकडे येऊ, कारण या गोष्टीत खरी अंतःप्रेरणा त्यांची होती. त्यांना विचारलं, कसं कळलं? म्हणाल्या, "मले काय मालूम. पाहून बरं नाही वाटलं." थर्मामीटर नाही, तपासणी नाही, पाच मिनिटं. हे काय होतं?

याचं उत्तर मला मानसशास्त्रात मिळालं. गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकाने आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला होता. क्षणात अचूक निर्णय घेणारी ती माणसं. त्यामुळे तो अंतःप्रेरणेचा चाहता. डॅनियल कानेमन, 2002 चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळालेला, तो मात्र आपलं मन आपल्याला कसं फसवतं याचाच अभ्यास करणारा. दोघं काही वर्षं एकत्र बसले आणि 2009 मध्ये त्यांनी मिळून एक निबंध लिहिला. दोन विरुद्ध मतांची माणसं एका गोष्टीवर आली : आतून वाटणं भरवशाचं ठरतं ते दोन अटींवर. त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा, खुणा वारंवार तशाच दिसायला हव्यात. आणि माणसाला त्या खुणा शिकायची पुरेशी संधी हवी, आपला अंदाज बरोबर निघाला की चुकला हे त्याला कळत राहायला हवं. आणखी एक गोष्ट ते ठासून सांगतात, आणि तिच्याखाली मी रेघ ओढून ठेवली आहे : आतून किती पक्कं वाटतंय यावरून ते खरं आहे की नाही हे ठरत नाही.

काकूंनी शेकडो आजारी माणसं पाहिली, आणि पुढे कुणाचं काय झालं हेही पाहिलं, कारण सगळी गावातलीच. आमच्या तालुक्यात आंधळगावला कोसा विणतात. मागावर बसलेल्या हाताला धागा तुटायच्या आधी कळतं. धान कापायला आलं की नाही हे बाबा धुऱ्यावरून बघून सांगतात. ही सगळी एकाच जातीची जाण. मी तापाची किती माणसं पाहिली होती? शून्य. मी कोडमधली चूक कदाचित वासावरून ओळखेन. सातशे-आठशे किलोमीटरवरून बाबांचा ताप ओळखायला निघालो होतो. याला आम्ही भक्ती म्हणत होतो.

इथे कुणी म्हणेल, दादा, हे सगळं अनुभवाचं झालं. मग भगवंताने दिलेली बुद्धी ती कुठली? गीतेत दहाव्या अध्यायातल्या 10व्या श्लोकात ते स्वतः म्हणतात की मी बुद्धियोग देतो. हो. पण कुणाला, तेही त्याच श्लोकात आहे. जे सतत जोडलेले आहेत आणि प्रेमाने भजतात त्यांना. शुक्रवारी संध्याकाळी हातात फोन घेऊन पंधरा मिनिटांत उत्तर मागणाऱ्याला, असं तिथे लिहिलेलं नाही. आणि मला आता असंही वाटतं की त्या रात्री भगवंतांनी बुद्धी दिलीच होती. काकूंना दिली होती. काकूंच्या मनात त्या वेळी दुसरं कुठलंही गणित नव्हतं. माझ्या आईच्या हातात फोन होता आणि शेजारी काकू होत्या. चौथ्या अध्यायातला 34वा श्लोक जाणत्याकडे नम्रपणे जाऊन विचारायला सांगतो. गीता देणाऱ्यानेच विचारायला सांगितलंय, आणि आपण मात्र कुणालाही न विचारता आतून ऐकण्यात मोठेपणा मानतो.

दुसऱ्या अध्यायाच्या 67व्या श्लोकात वाऱ्याने ओढून नेलेल्या नावेचा दृष्टांत आहे. मन एकाच ओढीच्या मागे लागलं की बुद्धीचं तसं होतं. पावसाळ्यात वैनगंगेतला डोंगा पाहिलेल्याला हे समजवावं लागत नाही. आत बसलेल्याला वाटतं आपण सरळच चाललोय. काठावरच्याला दिसतं. या स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर विनोबांनी 1944 साली शिवनीच्या तुरुंगात व्याख्यानं दिली होती, 'स्थितप्रज्ञ-दर्शन' नावाने ती मिळतात. शिवनी आमच्याहून फार लांब नाही, सातपुड्यातच. जरूर वाचा, पुस्तक लहान आहे.

आता करायचं काय, हे विचारणाऱ्या ताईसाठी. मी जे करतो ते सांगतो, बाकी तुम्ही बघा. एक वही ठेवली आहे. "आतून वाटलं" की तारीख घालून लिहितो : काय वाटलं, आणि हे खरं निघालं तर माझी कुठली सोय होते. दुसरा रकाना भरताना हात जड होतो, म्हणून तोच महत्त्वाचा. काही महिन्यांनी मागे जाऊन बघतो की काय निघालं. कामातल्या गोष्टींत माझं आतून वाटणं बऱ्यापैकी बरोबर निघतं. माणसांच्या बाबतीत, विशेषतः ज्यांचा मला राग आहे त्यांच्या बाबतीत, ते सपशेल चुकतं. हे वहीशिवाय मला कधीच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे पहाटेचं बसणं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना घालून दिली. आमच्याकडे गावोगावी ती चालते, लहानपणी मी कंटाळत बसायचो. आता पुण्यात एकटाच बसतो. प्रश्न घेऊन बसत नाही, हा मोठा बदल. प्रश्न घेऊन बसलं की मन उत्तर बनवायला लागतं. नुसतं बसलं की दिवसभरात कधीतरी, भांडी घासताना वगैरे, आपलीच एखादी लबाडी आपोआप समोर येते. ती नकोशी वाटते. पण विषासारखं आधी लागतं ते हेच असावं.

आणि तुझ्या नोकरीचं, ताई : त्या दोन्ही कंपन्यांत काम केलेल्या कुणाला तरी आधी फोन कर. ती तीन-चार आवाजांची भानगड त्यातच अर्धी सुटेल. उरलेल्यांतला कुठला आवाज तुझ्याकडून काही मागतोय आणि कुठला नुसताच कुरवाळतोय, ते बघ.

ज्ञानोबा माउलींनी दुसऱ्या अध्यायात सद्बुद्धीला दिव्याच्या लहानशा ज्योतीची उपमा दिली आहे. ज्योत लहान, उजेड मोठा, म्हणून तिला थोडकी समजू नये. मागच्या नवरात्रात मोहाडीला गेलो होतो. मातेच्या देवळात गर्दी होती, ज्योतींच्या उजेडात बाबा भिंतीला टेकून बसले होते, कारण आता फार वेळ उभं राहवत नाही. काकू पण आल्या होत्या. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "काहून रे, एवढा वाकतेस?" मला उत्तर देता आलं नाही.

आईने अजून एकदाही मला त्या फोनबद्दल बोलून दाखवलेलं नाही. फक्त आता ती "तुले काय वाटते" असं विचारत नाही. गेल्या महिन्यात बाबांना पुन्हा कणकण आली तेव्हा दवाखान्यातून परत आल्यावर फोन केला. म्हणाली, "दाखवून आनलं. तुले सांगावं म्हटलं."

उद्या : श्लोक 33 ते 35, धृतीचे तीन प्रकार.

राम कृष्ण हरी.